पिंजरे धुवायला कसलं प्रशिक्षण? अ‍ॅनिमल हाउसच्या नोकरीआधी कोर्स करावा का?

तुमच्या प्रश्नातलं पहिलं वाक्य मी अकरा वर्षं ऐकलंय, म्हणून लिहिते.

गोव्यात फोंड्याहून कदंबा बसने वेर्ण्याला जायचे. तिथल्या एका औषध कंपनीत, प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये, अटेंडंट म्हणून लागले तेव्हा शिकवलं ते एवढंच: माइस, म्हणजे प्रयोगाचे छोटे उंदीर, शेपटीला धरून उचला, धुतलेल्या पिंजऱ्यात सोडा. नरांच्या पिंजऱ्यांत दर सफाईनंतर मारामाऱ्या व्हायच्या. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी चावे. पावसाळ्यात भुसा लवकर ओला व्हायचा, अमोनियाने डोळे चुरचुरायचे, म्हणून आम्ही पिंजरे जास्त वेळा बदलायचो आणि भांडणं आणखी वाढायची. जखमी प्राणी अभ्यासातून बाद व्हायला लागले तेव्हा सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हा बायकांचा हात जड आहे." त्या वर्षी चतुर्थीला घरी होते, पण गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना मनात तेच वाक्य घोळत होतं.

पुढच्या वर्षी बाहेरून एक पशुवैद्य बाई तीन दिवस शिकवायला आल्या. पहिली सकाळ त्यांनी आम्हाला नुसतं पिंजऱ्यांसमोर बसवलं. उंदीर एकमेकांना वासाने ओळखतात, आणि आम्ही सगळं लख्ख धुऊन तीच ओळख पुसत होतो. त्या म्हणाल्या, मुताने भिजलेला भुसा टाकून द्या, तो नव्या पिंजऱ्यात नेला तर भांडणं वाढतात. कोरडं घरटं मात्र उचलून तसंच नव्या पिंजऱ्यात ठेवा. महिन्याभरात चावे इतके कमी झाले की जखमांची वही भरेना. हात तेच होते, आम्हा बायकांचेच.

शेपटीचंही तसंच. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट यांनी 2010 साली दाखवून दिलं की नळीतून किंवा ओंजळीत उचललेले माइस माणसाजवळ आपणहून येतात, शेपटीने उचललेले भेदरलेले राहतात. भेदरलेल्या जनावराच्या आकड्यांवर तुम्ही औषध तपासणार? आमच्याकडे "नळीने वेळ जातो" म्हणाले. मी घड्याळ लावून चाळीस पिंजरे बदलून दाखवले, सवय झाल्यावर वेळ तेवढाच लागला. तरी मान्य केलं नाही. साहेब, हे वाचत असाल तर अजूनही सांगते, तुमचं चुकलं होतं. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन आर मांडले: रिप्लेसमेंट (प्राण्याऐवजी दुसरा मार्ग), रिडक्शन (कमी प्राणी) आणि रिफाइनमेंट (प्राण्याला कमी त्रास). त्यातला रिफाइनमेंट शास्त्रज्ञ फॉर्मवर लिहितो, पण तो होतो आमच्या हातांनी.

एक मात्र, घरट्याचं हे माइसपुरतं, आणि खोलीत संसर्ग असेल तर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय करू नका. सशाची गोष्ट वेगळी: मागच्या पायांना आधार दिला नाही तर लाथ झाडून तो स्वतःचाच कणा मोडून घेतो.

कोर्स मिळाला तर कराच. नाही मिळाला तर मुलाखतीत विचारा, "तुमच्याकडे माइस कसे उचलतात?" शेपटीने म्हणाले, तर रुजू होण्याआधी प्रशिक्षण देण्याचं लेखी मागा.