सोलो की कन्व्हेक्शन?

प्रश्न : आम्ही दोघंच, घर लहान. मायक्रोवेव्ह हवा तो भात-भाजी गरम करायला, कधीतरी पापडाला. दुकानदार २८ लिटरचा कन्व्हेक्शन (गरम हवेनं केकही भाजणारा) गळ्यात मारतोय. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, २० लिटरचा सोलो, म्हणजे केक-बिक न भाजणारा साधा मायक्रोवेव्ह घ्या. माझ्याकडे कन्व्हेक्शन आहे. पहिल्या वर्षी तीन केक झाले, आता त्याच्या डोक्यावर बरण्यांची वसाहत! (खरं तर वर काही ठेवू नये, हवा खेळायला जागा लागते.) दुकानात जाताना घरचं नेहमीचं काचेचं भांडं न्या आणि आतल्या ताटलीवर ते मोकळं फिरतं का बघा. खोक्यावरचे ७०० वॅट अन्नाला मिळतात, वीज त्याहून बरीच जास्त जाते. म्हणून गीझरसारखा १६ अँपिअरचा प्लग जवळ असलेला बरा.

पोळी मात्र जपून. ओलसर फडक्यात गुंडाळून १५ सेकंद, बस्स. अर्धा मिनिट ठेवलीत तर चपलेचा तळवा. उडदाचा पापड मध्ये कच्चा राहतो, तो अर्ध्यात उलटा. आणि उकडलेलं अंडं गरम करू नका. माझं बाहेर काढल्यावर, सुरी लावताच फुटलं. पिवळा बलक अजून पंख्याच्या पात्यावर आहे.