‘इसवी’मधला ईसा

प्रश्न असा आला आहे: ‘इसवी सन’ हा शब्द धार्मिक आहे का, आणि ‘इसवी सनपूर्व’ऐवजी हल्ली कुठे कुठे दिसणारं ‘सामान्य युगपूर्व’ (इंग्रजीतलं BCE) लिहावं का?

धार्मिक आहेच, पण चर्चमधून आलेला नाही. ईसा हे येशूचं कुराणातलं नाव. ईसवी म्हणजे ईसाचा. ‘सन’ही अरबीच, अर्थ वर्ष. अरबी-फारसीच्या वाटेने येता येता मराठीत पहिला ‘ई’ ऱ्हस्व झाला. मराठी ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत येशू म्हणतो, ईसा नव्हे. त्याच्या धर्माच्या कालगणनेचं मराठी नाव मात्र ईसावरून पडलं. पूर्वी नुसतं ‘सन’ म्हणून भागत नसे. शुहूर, फसली, हिजरी अशा निरनिराळ्या कालगणना चालत, त्यातला कोणता सन ते सांगावं लागे. पानिपतचं शुहूर वर्ष ११६१ हे ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं अक्षरी लिहीत: एक, साठ, शंभर नि हजार.

इसवी सनाची गणना मुळात इतिहासासाठी नव्हतीच. रोममधला मठवासी डायोनिसियस एक्सिग्युअस ५२५ मध्ये ईस्टरच्या तारखांची कोष्टकं करत होता. जुन्या कोष्टकांत वर्षं डायोक्लेशियन या रोमन बादशहापासून मोजलेली. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याचं नाव त्याला तिथे नको होतं. म्हणून डायोक्लेशियनच्या २४७व्या वर्षापुढे त्याने थेट ५३२ मांडलं, प्रभू येशूच्या अवतारापासूनचं. इतिहासलेखनात ती रुळवली इंग्लंडमधल्या बीड या मठवासी इतिहासकाराने, ७३१ साली. सीझर ब्रिटनमध्ये उतरला ते अवतारापूर्वीचं साठावं वर्ष, असं तो लिहितो. (होतं पंचावन्नावं.)

शून्य वर्ष यात नाही. इ.स.पू. १ संपलं की लगेच इ.स. १. त्यामुळे रोमन बादशहा ऑगस्टसची इ.स.पू. २७ ते इ.स. १४ ही कारकीर्द ४१ नव्हे, ४० वर्षांची. आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशू जन्मला हेरोद राजाच्या अमदानीत, तर हेरोद वारला बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये. म्हणजे ख्रिस्ताचा जन्मही ख्रिस्तपूर्वच!

‘सामान्य युगपूर्व’ चूक नाही. पण आकडे तेच राहतात, आणि एक हे वर्ष कुठून धरलं असं कुणी विचारलं की ईसा पुन्हा दारात उभा. मी इ.स.पू.च लिहितो. तुम्ही दुसरं लिहा हवं तर, फक्त एकाच लेखात दोन्हींची भेळ नको. ‘इ.स. १७६१ साली’ मधलं ‘साली’ तेवढं काढा. सन म्हणजेच साल.