वाचकांचे प्रश्न : खेळातला शेवटचा निवाडा लोझानलाच का?

प्रश्न : नरसिंग यादव आणि विनेश फोगट या दोन्ही कुस्तीगीरांच्या प्रकरणांत अखेरचा निकाल क्रीडा लवादाने दिला. हा लवाद स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात आहे असे वाचले, पण सुनावण्या तर रिओ आणि पॅरिसमध्ये झाल्या. खेळातील नीतिमत्ता जपण्यात या शहराचा नेमका वाटा काय, आणि आपल्याकडील शहरांना असे काही करता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ऑलिंपिकच्या काळात यजमान शहरात लवादाचा तात्पुरता विभाग बसतो आणि स्पर्धेच्या वेळापत्रकाला धरून झटपट निकाल देतो. मात्र पंच कोठेही बसले तरी कायद्याच्या दृष्टीने लवादाचे स्थान लोझानच मानले जाते. त्यामुळे त्या निकालाला स्विस कायदा लागू होतो आणि त्याविरुद्ध दाद मागायची तर ती स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च संघीय न्यायालयातच मागावी लागते. हे न्यायालयही लोझानमध्येच आहे. महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांना राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने 1 ऑगस्ट 2016 रोजी निर्दोष ठरवले होते. जागतिक संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, त्याविरुद्ध अपील केले आणि 18 ऑगस्टला, त्यांच्या लढतीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. आपल्याच देशातील संस्थेचा निर्णय परदेशात फिरवला गेला म्हणून तेव्हा अनेकांना राग आला. तो राग समजण्यासारखा आहे. तरीही प्रत्येक देशाने आपापल्या खेळाडूचा न्याय घरीच करायचे ठरवले, तर कोणत्याच पदकावर कोणाचा विश्वास उरणार नाही.

हे सारे लोझानला एकवटले ते युद्धामुळे. पहिले महायुद्ध चालू असताना, 1915 मध्ये, आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कुबेर्तँ यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे मुख्यालय तटस्थ स्वित्झर्लंडमधील या शहरात आणले. त्यामागोमाग अनेक क्रीडा महासंघ आले, 1984 मध्ये लवाद स्थापन झाला, आणि 1998 च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतील उत्तेजकांचे प्रकरण गाजल्यावर फेब्रुवारी 1999 मध्ये याच शहरात भरलेल्या जागतिक परिषदेतून ‘वाडा’चा जन्म झाला. तिचे मुख्यालय पुढे माँट्रियलला गेले. चाचण्यांचे काम पाहणारी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था मात्र 2018 पासून लोझानमधूनच चालते. महासंघांना जागा आणि सोयी देण्यात शहर आणि व्हो प्रांत यांनी कधी हात आखडता घेतला नाही. त्यात निव्वळ परोपकार नाही, हेही सांगितले पाहिजे. या संस्थांमुळे शहराला रोजगार मिळतो, परिषदा मिळतात आणि ‘ऑलिंपिक राजधानी’ हे बिरुदही मिळते.

माझ्या मते शहराच्या आतिथ्यापेक्षा तेथील न्यायालयाचे काम अधिक मोलाचे आहे. जर्मन घोडेस्वार एल्मार गुंडेल यांच्या 1993 मधील खटल्यात संघीय न्यायालयाने लवादाला मान्यता दिली, पण ज्या ऑलिंपिक समितीच्या पैशावर तो चालतो तीच एखाद्या वादात पक्षकार असेल तर त्याच्या निःपक्षपातीपणाचे काय, अशी शंकाही नोंदवली. परिणामी 1994 मध्ये लवादाचा कारभार समितीकडून काढून एका स्वतंत्र मंडळाकडे द्यावा लागला. अर्थात या न्यायालयाचीही तपासणी होते. धावपटू कॅस्टर सेमेन्या यांच्या लवादाच्या निकालाविरुद्धच्या अपिलाची त्याने पुरेशा कसोशीने छाननी केली नाही, असे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जुलै 2025 मध्ये ठरवले.

आता आपल्या शहरांविषयी. कोल्हापूर किंवा पुणे येथे जागतिक लवाद येणार नाही, आणि महापालिकेने मैदानावर खिलाडूवृत्तीचे फलक लावल्याने फारसे काही साधणार नाही. परंतु आपल्याकडील शालेय आणि वयोगटाच्या स्पर्धांना लागलेली सर्वांत जुनी कीड, म्हणजे वयचोरी, तिचा संबंध थेट महापालिकेच्या एका खिडकीशी आहे. वयाचा मूळ पुरावा असलेला जन्मदाखला महापालिकेचा जन्म-मृत्यू नोंदणी विभाग देतो. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि वर्ष उलटल्यावर ती दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा दाखला अचानक नव्याने निघाला, तर त्यामागे खरी अडचण असू शकते किंवा चौदा वर्षांखालील संघातील जागा असू शकते. दाखल्यावर जन्मतारखेबरोबर नोंदणीची तारीखही असते. स्पर्धेच्या संयोजकांनी ती वाचावी, नोंद उशिराची असेल तर रुग्णालयाची किंवा शाळाप्रवेशाच्या वेळची कागदपत्रे मागावीत, आणि अशी पडताळणी मागितल्यास नोंदणी विभागाने ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे. भारतीय क्रिकेट मंडळ लहान वयोगटात हाडांची चाचणी घेते, पण तिच्यातून वयाचा अंदाजच मिळतो आणि तालुका पातळीवरील कबड्डी किंवा कुस्तीच्या संयोजकांना ती परवडत नाही. नोंदणीचे रजिस्टर मात्र प्रत्येक शहराकडे आधीपासून आहे.