तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी गेल्या काही वर्षांत आलेली चांगली मराठी पुस्तकं कोणती?

मुलगा तेरा वर्षांचा, सेमी-इंग्रजीत आहे, मराठी फाडफाड बोलतो पण वाचायचं म्हटलं की जांभया देतो, तर नवीन पुस्तकं सुचवा आणि जमलं तर आम्हा मोठ्यांसाठीही एखाद-दुसरं सांगा, असं तुम्ही विचारलंय. इथवर ठीक होतं. पण शेवटी तुम्ही हळूच एक ओळ टाकली आहे : 'संस्कारक्षम असतील तर उत्तम.' त्या ओळीमुळे मी लिहायला बसले आहे, नाहीतर पुढे गेले असते.

आधी पुस्तकं सांगून टाकते, म्हणजे नंतर मी भरकटले तरी तुमचं काम अडायला नको. तुम्ही 'नवीन' असं स्पष्ट विचारूनही लोक गोट्या, चिंगी आणि फास्टर फेणे यांच्यापुढे सरकत नाहीत. आवडते मंडळी आहेत ती माझीही. पण 'आज भाजी काय आणू' असं विचारणाऱ्याला आजीच्या हातच्या लोणच्याचं कौतुक ऐकवण्यातला हा प्रकार आहे.

साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते. ती यादी सुरुवातीला बरी पडते. सलीम मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध' (पुरस्कार २०१९) तुमच्या मुलाच्या वयाला चालेल. भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४) तर नावापासूनच चालेल. सासणे म्हणजे उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, मोठ्यांच्या कथेतलं मोठं नाव. त्या माणसाला मुलांसाठी भूतबंगला लिहावासा वाटला, हेच मला फार आवडलं. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२) जराशी लहान वयाची आहे, पण कंटाळणाऱ्या मुलाला वही बरी, चार पानं वाचून बाजूला ठेवता येते. आणि ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' (२०१७). त्याच्याकडे मी परत येते. यादीतलं सगळं मुलांना आवडेलच असं नाही हेही सांगून ठेवते. पुरस्कार मोठी माणसं देतात.

आता संस्कारक्षम.

मी अठरा वर्षं तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. सरकारी अनुदानाच्या वर्गवारीत 'ब' वर्ग. पगाराचं विचारू नका. बालविभागाची दोन कपाटं माझ्या टेबलाच्या पाठीमागे होती. त्यातलं काचेचं कपाट म्हणजे आमच्या कार्यवाहांचा अभिमान. कार्यवाह म्हणजे आमचे सर, निवृत्त मुख्याध्यापक. मार्चअखेर जवळ आली की ग्रंथखरेदी दाखवायची घाई, मग विक्रेत्याचा टेम्पो यायचा आणि त्यातून बोधकथा, संस्कारकथा, थोरांची चाळीस पानी चरित्रं गठ्ठ्यांनी उतरायची. एकाच महापुरुषाची पाच चरित्रं, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांची, आत मजकूर जवळपास तोच. दाखल नोंदवहीत ती चढवताना माझ्या बोटांना घट्टे पडले, पण काचेपलीकडून ती कधी बाहेर पडली नाहीत.

हे नुसतं मत म्हणून सांगत नाही. वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी डकवलेली असते. पुस्तकाची खरी कुंडली तीच, मुखपृष्ठ काहीही म्हणो.

२०१२ सालची गोष्ट. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'वरचा सिनेमा नुकताच येऊन गेला होता. कादंबरी २००४ची, म्हणजे आमच्याकडे आधीपासून होतीच, पण सिनेमामुळे पुन्हा मागणी वाढली. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की नववीतली एक मुलगी वाचनालयात यायची. सातवीतच तिने बालविभाग संपवला होता. संपवला म्हणजे काचेचं कपाट सोडून. त्या शनिवारी तिने 'शाळा' मागितली. तिचं कार्ड बालविभागाचं, पुस्तक मोठ्यांच्या विभागातलं. मी माझ्या स्वतःच्या नावावर काढून तिच्या हातात ठेवलं.

चार दिवसांत परत. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, शेवट असा का केला?" मी म्हटलं, मलाही तेच वाटलं होतं. मग आम्ही दोघी दहा मिनिटं एका लेखकावर चिडून बसलो. अठरा वर्षांत बोधकथेच्या शेवटावर कुणी माझ्याशी भांडायला आलं नाही.

हे नेमकं सरांनी ऐकलं. पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत विषय क्रमांक चार माझा.

"बाई, हे पुस्तक नववीतल्या पोरीच्या हातात?"

"सर, पुस्तकातला मुलगाही नववीतलाच आहे."

एक-दोघं हसले. ते हसले तिथेच माझं बिघडलं. सरांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी खुलासा लिहिला नाही. दुसऱ्या सभेला पुस्तकंच घेऊन गेले. काचेच्या कपाटातली पंचवीस आणि एक 'शाळा'. सगळ्यांची शेवटची पानं उघडून सतरंजीवर ओळीने मांडली. 'शाळा'त शिक्क्यांना जागा पुरली नव्हती म्हणून एकीवर एक अशा तीन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, डिंकाने कडक झालेल्या. निळा शिक्का, जांभळा शिक्का, मध्येच शाई संपली तेव्हाचे हाताने लिहिलेले आकडे. बोधकथांच्या चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत. एकीवर दोन शिक्के होते. त्यातला एक मीच मारलेला, वार्षिक तपासणीच्या आदल्या संध्याकाळी. हे मी सभेत बोलले नाही, इथे बोलते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "म्हणजे मुलांना काय आवडतं त्यावर वाचनालय चालवायचं?"

मी म्हटलं, "मग कशावर?" आणि गप्प बसले. पुढचं सगळं घरी जाताना स्कूटीवर सुचलं, नेहमीप्रमाणे.

ठराव झालाच. अठरा वर्षांखालच्या सभासदांना प्रौढ विभागातली पुस्तकं देऊ नयेत. कुणीतरी विचारलं, मग 'स्वामी', 'मृत्युंजय'ही नाही का? सर म्हणाले, छे छे, ऐतिहासिक-पौराणिक चालेल. आणि त्यांनी तोंडी यादी सांगितली, त्यात 'ययाति' होती. ज्यांनी 'ययाति' वाचली आहे त्यांनी आता पाणी प्या. नववीतल्या मुलाला वर्गातली मुलगी आवडते, हे पोरांच्या नजरेस पडायला नको. पण म्हातारपणीही वासना सुटेना म्हणून पोटच्या मुलाचं तारुण्य मागून घेणारा राजा चालतो, कारण तो पुराणातला. ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी आहे आणि मोठीच आहे, माझं तिच्याशी काही भांडण नाही. पण सभेत बसलेल्या अकरा जणांपैकी ती किती जणांनी वाचली होती, हे मला चिठ्ठीवरून ठाऊक होतं.

स्कूटीवर सुचलेलं उत्तर आता देते. तुमच्यासाठीही तेच आहे.

मराठीत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सुंदर काम चाललंय. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं कुठल्याही भाषेशेजारी ठेवा. मोठ्यांसाठी तर येतच असतं. खड्डा पडतो तो बारा ते सोळामध्ये. त्याचं कारण लेखक नाहीत असं नाही. या वयाच्या मुलाच्या खिशात पुस्तकाचे पैसे नसतात. पुस्तक घेतं कोण, तर शाळा, वाचनालय, वाढदिवसाला येणारा काका. तिघांनाही मुलाला काय वाचावंसं वाटतं यापेक्षा आपण काय दिलं हे दिसायला हवं असतं. मग प्रकाशक त्यांच्यासाठीच छापणार, त्याचंही पोट आहे. इंग्रजी दुकानात या वयाच्या मुलांचं वेगळं कपाट असतं आणि मुलगा आपला आपण तिथे जाऊन उभा राहतो. मग आपण म्हणतो, कार्टं मराठी वाचत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या वाचनालयात पेढे वाटले म्हणे. काचेच्या कपाटापुढेच वाटले असणार.

तेव्हा संस्कारक्षम ही अट काढा. तेरा वर्षांच्या मुलाला दुरून वास येतो त्याचा. ज्याच्या पहिल्या दहा पानांत कुणी हरवतं, पळून जातं, खोटं बोलतं किंवा कुणाच्या तरी प्रेमात पडतं, असं पुस्तक द्या. आणि मोठ्यांच्या कपाटाकडे जाऊ द्या त्याला. 'शाळा' मुलांसाठी लिहिलेलीच नाही. आणीबाणीचा काळ आहे, मोठ्यांचं राजकारण मागून चालू आहे. तरी नववीतल्या पोरांनी ती आपली मानली, कारण त्यांच्याशी कुणी वाकून बोललं नव्हतं.

आता 'खारीच्या वाटा'. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाचं लहानपण आहे. खेळ, खोड्या, रान, सगळं भरभरून. आणि मग ते सगळं जाणार आहे हे वाचणाऱ्याला कळायला लागतं. हे मुलाला द्या आणि तुम्ही स्वतः कृष्णात खोत यांची 'रिंगाण' घ्या, जिला साहित्य अकादमीचा २०२३चा पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तच, पण इथे उठवलेल्या माणसांची एक म्हैस मागे त्याच रानात राहिली आहे आणि तिला आणायला माणूस परत निघाला आहे. बापलेकांनी एकाच आठवड्यात ही दोन वाचली तर जेवताना बोलायला विषय मिळेल. मुलगा विचारेल, म्हैस सापडली का? सांगू नका.

मोठ्यांसाठी दुसरं, देविदास सौदागर यांची 'उसवण' (साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार, २०२४). तयार कपड्यांनी मोडीत काढलेल्या शिंप्याची गोष्ट आणि लिहिणारा स्वतः तुळजापूरचा शिंपी. छोटेखानी आहे. तुमच्या मुलाने एक-दोन वर्षांत ही वाचली तर मला आश्चर्य वाटणार नाही. तुम्ही वाचून टेबलावर विसरल्यासारखी ठेवा. 'वाच' म्हणू नका.

आता काही गोष्टी ज्या मी आधी सांगायला हव्या होत्या.

'रिंगाण' कोल्हापूरकडच्या बोलीत आहे. पुण्या-मुंबईत वाढलेल्यांना सुरुवातीला जड जाईल, मोठ्याने वाचली तर उलगडते. तेरा वर्षांच्या मुलाला आत्ताच नको. मोठ्यांच्या कपाटाकडे जाऊ द्या म्हणाले याचा अर्थ सगळंच हातात द्या असा नाही. तुम्ही आधी वाचलेलं असावं एवढी तरी अट ठेवा. आणि चरित्रं वाईट असतात असंही माझं म्हणणं नाही, आळसाने लिहिलेली वाईट असतात.

सरही वाईट नव्हते. वाचनालयाची इमारत त्यांनी दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरून उभी केली, उन्हातान्हात. पहिल्या मजल्याच्या स्लॅबला पैसे कमी पडले तेव्हा स्वतःच्या फंडातले घातले. हे मी त्या सभेत विसरले होते.

आणि माझंच सांगायचं तर, माझा मुलगा दहावीला असताना अभ्यासाच्या पुस्तकात रहस्यकथा लपवून वाचायचा. मी ती काढून घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं, बोर्डाचं वर्ष म्हणून. दुसऱ्यांच्या मुलीला 'शाळा' देणारी मी. आता तो पुस्तकाला हात लावत नाही. फोनमुळे की माझ्यामुळे, हे मी त्याला विचारलेलं नाही.

तुमचा मुलगा पुस्तक बघूनच दचकत असेल तर 'किशोर' मासिकाने सुरुवात करा. बालभारती ते १९७१ पासून काढते, स्वस्त आहे, आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. लांबलचक कादंबरीपेक्षा दोन पानी गोष्ट संपवल्याचा आनंद लवकर मिळतो.

पुस्तकं कुठून घ्यायची हे तुम्ही विचारलं होतं, ते राहिलंच. ऑनलाइन मिळतात, सगळ्यांना माहीत आहे. पण आधी तुमच्या गावच्या वाचनालयात जा, मुलाला घेऊन. तिथे ही पुस्तकं नसली तर मागणी-वही मागा, म्हणजे वाचकांनी हवी ती पुस्तकं लिहून ठेवायची वही. 'अशी वही नाही' म्हणतील. असते. आमच्याकडची दोऱ्याने खिळ्याला बांधलेली होती आणि मार्चअखेरच्या खरेदीआधी ती कुणी उघडत नसे. तरी कोरी वही बघून समितीला बोलता येतं की मागणीच नाही, आणि भरलेली वही बघून तेवढं तरी बोलता येत नाही. मुलालाच लिहू द्या त्याच्या अक्षरात. पेन मात्र घरून न्या, तिथलं चालत नसतं.