सेंटर टाकतोयस ना? मग आधी हे बघ

भाऊ, रावेरला ऑनलाइन सेंटर टाकतोयस आणि प्रिंटर कोणता घेऊ म्हणून विचारतोयस. प्रिंटर कोणताही घे. तो सेकंडहँड कॉम्प्युटर विंडोज 10 वर आहे का, ते आधी बघ. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन चालतं, पण सुरक्षेतली नवीन सापडलेली भोकं आपोआप बुजत नाहीत. विंडोज 11 बसत असेल तर टाकून घे.

दुसरं विनरार, म्हणजे झिप-रार अशा बांधलेल्या फाइली सोडवायचं सॉफ्टवेअर. ते स्वतःहून अपडेट होत नाही, आणि सेंटरवाल्यांना हे ठाऊकच नसतं. 7.13 च्या आधीच्या विंडोज आवृत्त्यांत असं भोक होतं, की कुणी मुद्दाम बनवलेली फाइल सोडवली तर तिच्यातलं व्हायरसचं एखादं पिल्लू गुपचूप स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. पुढच्या वेळी लॉगिन केलं की ते चालू! गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर काय घेऊन येईल सांगता येत नाही रे. माझं एक मशीन असंच पेनड्राइव्हमुळे गेलं, ऐन पीकविम्याच्या गर्दीत.

आणि लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी पत्रिका. पत्रिका फोटो असते, नाहीतर पीडीएफ. नावाच्या शेवटी एपीके दिसलं तर ते अ‍ॅप आहे. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे तुझा ओटीपीच मागतं. पीएम किसानच्या नावानंही असलंच येतं. कुणाचे पैसे गेलेच, तर चहा पाजत बसू नकोस, आधी 1930 लाव, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. नंतर बँकेला.

प्रिंटरचं म्हणशील तर शाईटाकीवाला बघ.