सोसायटीतला गुलमोहर छाटायला माणूस कसा निवडावा?
पावसाळ्याआधी छाटणी करायची, तर सर्वात आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. शहरी झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे, विनापरवाना छाटणी अंगाशी येते.

मग ठेकेदाराला एकच विचारा: मनगटाहून जाड फांदी कशी कापणार? बरोबर उत्तर असं: खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव जाडीपर्यंत पहिला काप, त्याच्या इंचभर पुढे वरून दुसरा. फांदी पडली की उरलेला खुंट, खोडालगतच्या फुगीर कड्याच्या अगदी बाहेरून. खालचा काप टाळला तर फांदी आपल्याच वजनाने खोडाची साल सोलत खाली येते आणि त्या जखमेत बुरशी शिरते. कडंच कापलं तर जखम नीट भरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो.

‘शेंडाच उडवून देतो’ म्हणणाऱ्याला कृपया झाडाला हात लावू देऊ नका. तिथून फुटणारे धुमारे वरवर जोडलेले असतात, वादळात आधी तेच मोडतात. एका वेळी पाव पर्णसंभारापेक्षा जास्त काढू नये. कापावर डांबर किंवा रंग नको. दोर, कमरपट्टा, हेल्मेट आणि कामगारांच्या विम्याचा कागद डोळ्यांनी बघा. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा.