कम्युनिटी कॉलेजला गेली तर मुलगी मागे पडेल का?

मार्चअखेरीपर्यंत विद्यापीठांचे निकाल येतात आणि 1 मेच्या आत प्रवेश पक्का करायचा असतो. मधले आठवडे कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांत फार ताणाचे जातात. या दिवसांत सल्ल्याला येणारे पालक मला हमखास विचारतात, "मनासारखं विद्यापीठ मिळालं नाही. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून मग ट्रान्सफर घेतली, तर मुलांचं नुकसान होईल का?" (कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी फीचं, दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज; तिथून उरलेली पदवी पुरी करायला विद्यापीठात जाणं म्हणजे ट्रान्सफर.) या प्रश्नाचं उत्तर मुलागणिक बदलतं, म्हणून एका मुलीबद्दल सांगते. तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. तिला मुक्ता म्हणू.

मुक्ता फ्रीमाँटची. अभ्यासात चांगली, पण मानसशास्त्र घ्यावं की जीवशास्त्र, हे तिचं ठरत नव्हतं. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, डेव्हिस आणि सॅन डिएगो या दोन्ही कॅम्पसकडून नकार आला होता. राज्याबाहेरच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळत होता, पण राहण्या-जेवण्यासकट खर्च वर्षाला 60 हजार डॉलरच्या वर. वडील हिशोब मांडूनच आले होते. घराचा हप्ता, धाकट्याचं शिक्षण, आजी-आजोबांना पाठवायचे पैसे आणि शेवटच्या ओळीत काढाव्या लागणाऱ्या कर्जाचा आकडा. आईने त्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या फोनवर मंडळाच्या ग्रुपमध्ये रोज कुणाच्या ना कुणाच्या मुलाचं अभिनंदन येत होतं.

"ताई, कर्ज काढू आम्ही," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांची मुलं बाहेर जाणार आणि ही घरून ये-जा करणार, हे तिच्या मनाला लागेल हो."

मी मुक्तालाच विचारलं. ती बराच वेळ पाण्याच्या बाटलीवरचं स्टिकर नखाने सोलत बसली. मग म्हणाली, "मला लोकांचं काही नाही. तिथे अडकून पडेन, याची भीती वाटते. आमच्या ओळखीची एक मुलगी चार वर्षं झाली तरी कम्युनिटी कॉलेजातच आहे."

आईपेक्षा मुलीची भीती मला जास्त महत्त्वाची वाटली, कारण त्या भीतीला आधार आहे. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जातात, आणि सहा वर्षांत बॅचलर्स पदवी मिळते ती सहांपैकी जेमतेम एकाला. पालकांपासून हे आकडे लपवणं मला पटत नाही. पण यातली बरीच मुलं नोकरी सांभाळून शिकतात, कित्येकांना मुळात पदवी नको असते, एखादं प्रमाणपत्र पुरेसं असतं. आणि बाकीच्यांपैकी अनेकजण चुकीचे विषय घेऊन बसतात. दोन वर्षांनी कळतं की घेतलेले अर्धे कोर्सेस हव्या त्या पदवीला चालतच नाहीत. ही शेवटची अडचण टाळता येते.

मी लॅपटॉपवर असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट उघडली. कॅलिफोर्नियातलं कुठलं कम्युनिटी कॉलेज, कुठलं विद्यापीठ आणि कुठला विषय, एवढं निवडलं की दोन रकाने दिसतात. आम्ही फ्रीमाँटचं ओलोनी कॉलेज, डेव्हिस आणि मानसशास्त्र निवडलं. डेव्हिसला जे कोर्सेस लागतात त्यांच्यासमोर ओलोनीतले चालणारे कोर्सेस येतात. जिथे समोर काहीच नसतं, तो कोर्स दुसऱ्या कॉलेजात करावा लागतो किंवा नंतरसाठी ठेवावा लागतो. मग तीच यादी आम्ही जीवशास्त्रासाठी काढली. दोन्ही याद्यांत काय सारखं आहे, ते मुक्ताने वहीत उतरवून घेतलं. पहिल्या सत्रात तेच घेतलं तर विषय ठरवायला वेळ मिळतो आणि वायाही काही जात नाही. इथे ती पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसली.

वडिलांचे प्रश्न वेगळे होते. फी किती? राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे, म्हणजे कोर्स मोजायच्या एककामागे, 46 डॉलर. वर्षाला 30 युनिट धरले तर 1,380, वर किरकोळ शुल्क आणि पुस्तकं. पदवीच्या कागदावर कम्युनिटी कॉलेजचा उल्लेख येतो का? नाही, पदवी ज्या विद्यापीठातून पूर्ण होते त्याचीच. आणि प्रवेशाची खात्री काय? तेव्हा मी त्यांना टॅगबद्दल, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटीबद्दल, सांगितलं. यूसीचे सहा कॅम्पस, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांताक्रूझ, कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठरलेल्या अटी पाळल्या तर प्रवेशाची हमी देतात. हमी एकाच कॅम्पससाठी मागता येते आणि अर्ज आदल्या वर्षी सप्टेंबरातच भरावा लागतो. डेव्हिसला जीपीए, म्हणजे 4 पैकी सरासरी गुण, किमान 3.2 लागतो, काही विषयांना त्याहून जास्त. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला ही हमी नाही. तिथे अर्ज करता येतो, पण स्पर्धा करूनच.

ही हमी सगळ्या विषयांना मिळत नाही. सांता बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज टॅगच्या बाहेर आहे. ज्याला कॉम्प्युटर सायन्सच करायचं आहे आणि हातात एखाद्या यूसीचा थेट प्रवेश आहे, त्याला मी सहसा तो सोडू देत नाही. घरात अभ्यासाला शांतता नसेल, किंवा आई-वडिलांपासून दूर राहिल्यानेच मूल उभं राहील असं दिसत असेल, तरीही माझा कौल विद्यापीठाकडे असतो. परवडत असेल तर पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळा, प्राध्यापक आणि हॉस्टेलमधली मैत्री मिळणं ही मोठी गोष्ट आहे. ज्यांची मुलं एच-4 वर, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहेत त्यांनी तर आधी वय मोजावं, कारण 21 व्या वर्षी तो दर्जा संपतो आणि त्यानंतरचा व्हिसा आणि फी यांचा हिशोब इमिग्रेशन वकिलाला विचारूनच मांडावा.

मुक्ताचा विषय ठरला नव्हता आणि त्यासाठी घर कर्जात घालणं मला योग्य वाटलं नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. आईंना मात्र ते लगेच पटलं नाही. "लोकांना काय सांगू?" असं त्यांनी निघताना विचारलं. मी म्हटलं, "डेव्हिसला जायची तयारी करतेय, असं सांगा. खरंच आहे ते."

मुक्ता ओलोनीला गेली. माझ्या एका अटीवर: पहिल्या दोन आठवड्यांत कॉलेजच्या ट्रान्सफर काउन्सेलरची भेट, आणि नंतर दर सत्रात एकदा. पहिल्या सत्रात रसायनशास्त्राने तिला रडवलं आणि त्यातच जीवशास्त्राचा प्रश्न निकाली निघाला. दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात तिने डेव्हिससाठी टॅग भरला.

आता ती डेव्हिसला आहे. पहिला क्वार्टर जड गेला, मार्क घसरले. सेमिस्टरच्या सवयीने आलेल्या मुलीला दहा आठवड्यांचा वेग झेपत नव्हता, आणि वर्गातल्या इतरांचे ग्रुप आधीच जमलेले होते. तिने मला फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, की ट्रान्सफर घेणाऱ्या पुढच्या मुलांना सांगा, इथे हातात दोनच वर्षं असतात, म्हणून संशोधनाच्या कामासाठी प्राध्यापकांना ईमेल पहिल्या महिन्यातच पाठवा. तिने जानेवारीत पाठवल्या तेव्हा बऱ्याच जागा भरल्या होत्या. एका प्रयोगशाळेत शेवटी तिला काम मिळालं, आठवड्यातून सहा तास.